लॉगिन झालं, पण पावती कोणाची?

एपीआयला (ॲप ज्यातून सर्व्हरकडे डेटा मागतं ते दार) टोकनचं लॉगिन जोडणं नवशिक्याला तसं पटकन जमतं. टोकन म्हणजे लॉगिननंतर सर्व्हरने दिलेला ओळखीचा पास; तो पुढच्या प्रत्येक रिक्वेस्टसोबत पाठवायचा. कोणाला काय बघता-करता येईल, त्या परवानग्यांपाशी मात्र गाडी अडते. म्हणून मी नव्या मुलांना सरावासाठी सोसायटीच्या मेंटेनन्सचं ॲप देतो: सभासद, खजिनदार, सचिव असे रोल आणि बिलं, पावत्या. आम्ही ते डॉटनेटमध्ये (मायक्रोसॉफ्टचा प्रोग्रामिंग प्लॅटफॉर्म) करतो, पण मुद्दे सगळीकडे तेच.

हे टोकन बहुतेक ठिकाणी जेडब्ल्यूटी म्हणजे जेसन वेब टोकन असतं (त्याचं इंटरनेट मानक म्हणजे 2015 चं आरएफसी 7519). टिंबांनी जोडलेले तीन तुकडे: हेडर, पेलोड, सही. पहिले दोन कुलूपबंद नसतात, नुसते बेस64 मध्ये लिहिलेले असतात आणि कोणीही उलगडून वाचू शकतो. सहीमुळे फेरफार पकडला जातो, एवढंच. तेव्हा पेलोडमध्ये आयडी, रोल आणि मुदत पुरे. आधार क्रमांक, मोबाइल तिथे नको. सहीसाठी एचएस256 ही पद्धत वापरत असाल तर तिची गुप्त किल्ली (की) किमान 32 बाइटची हवी, आणि ती कोडसोबत गिटमध्ये जाता कामा नये.

मुदत तपासताना हमखास गोंधळ होतो. टोकन एका मिनिटाचं केलं, तरी चौथ्या मिनिटाला चालतंच! वेगवेगळ्या सर्व्हरची घड्याळं मागेपुढे असतात, म्हणून डॉटनेट आपणहून 5 मिनिटांची सूट देतं. सेटिंगमधला क्लॉकस्क्यू, म्हणजे हीच सूट, शून्य करून बघा.

आता सर्व्हरच्या उत्तराचे कोड. टोकन नाही किंवा बाद झालंय, तर 401. ओळख पटली पण अधिकार नाही, तर 403. मुलाखतीत हे विचारतातच.

आता रोल. बिल बनवण्याच्या एंडपॉइंटवर (एपीआयच्या त्या कामाच्या पत्त्यावर) 'फक्त खजिनदार' लिहिलं की झालं, हे सोपं. पण सभासदाने रिक्वेस्टच्या पत्त्यात (यूआरएलमध्ये) आपल्या पावतीच्या 118 च्या जागी 119 टाकून शेजाऱ्याची पावती मागवली तर? तोही सभासदच, रोलची तपासणी त्याला आरामात आत सोडते. ओवास्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या 2023 च्या एपीआय सुरक्षा यादीत पहिला क्रमांक याच दोषाचा आहे. उपाय डेटाबेसच्या क्वेरीत: पावतीचा क्रमांक जुळावा आणि फ्लॅटही टोकनमधल्या आयडीचाच असावा. फ्लॅट नंबर रिक्वेस्टमधून घेऊन त्यावर भिस्त ठेवू नका. जुळलं नाही तर मी 404, म्हणजे 'सापडलं नाही', देतो. 403 दिलं की अशी पावती आहे हे समोरच्याला कळतंच.

दुसरी गोची अशी की खजिनदार बदलला तरी जुन्याच्या टोकनमध्ये रोल तोच राहतो. ॲक्सेस टोकन (रिक्वेस्टसोबत जाणारं हेच टोकन) दहा-पंधरा मिनिटांचं ठेवा, आणि रिफ्रेश करताना, म्हणजे मुदत संपल्यावर नवं देताना, रोल डेटाबेसमधून नव्याने वाचा. काही जण दर रिक्वेस्टला डेटाबेस बघतात; छोट्या ॲपला तेही चालतं.

टेस्ट लिहिताना एकच सभासद घेऊ नका. दोन फ्लॅटचे दोन घ्या, आणि पहिल्याच्या टोकनने दुसऱ्याची पावती मागा.