टंगस्टनची काडतुसं घरी भरताना या चुका टाळा

शिशाची काडतुसं दहा-दहा वर्षं भरलेली माणसंच टंगस्टनला हात घालताना जास्त चुकतात. नवखा निदान पुस्तक उघडून बसतो; जुन्या हाताला वाटतं, छर्रे ते छर्रे. मी विस्कॉन्सिनमध्ये राहतो. वसंतात टर्की आणि शरदात बदकं, कॅनडा गूज यांच्या शिकारीला जातो आणि दोन्हींची काडतुसं घरीच भरतो. खालच्या चुका काही मी केल्या, काही ओळखीच्यांच्या टेबलावर पाहिल्या. भारतातल्या वाचकांसाठी एक खुलासा: तिथे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे हे सगळं अमेरिकेतल्या कायदेशीर, परवान्याच्या शिकारीपुरतं समजावं.

पाणपक्ष्यांसाठी शिसं १९९१पासून अमेरिकाभर बंद आहे. पक्षी दाणे दळायला खडे गिळतात, त्यांत चिखलातले छर्रेही जातात, पेषणीत ते झिजतात आणि विष रक्तात भिनतं. शिशाच्या जागी पोलाद आलं, पण ते हलकं. शिशाच्या छर्‍यांची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ११ ग्रॅम, पोलादाची ७.८ आणि ज्याला सगळे टीएसएस (टंगस्टन सुपर शॉट) म्हणतात त्या टंगस्टन मिश्रधातूची सुमारे १८. नंबर जितका मोठा तितका छर्रा लहान. म्हणून जेमतेम २ मिलिमीटरचा ९ नंबरचा टंगस्टन छर्रा ५ नंबरच्या शिशाइतका, किंबहुना थोडा जास्तच आत जातो. शिवाय एका औंसात ५ नंबरचे शिशाचे छर्रे सुमारे १७० मावतात, तर हे जवळपास ३६०. आकर्षण या आकड्यांचं आहे आणि चुकांचं मूळही त्यांतच आहे.

मापाने भरू नका, तोलून भरा

रीलोडिंग प्रेसच्या, म्हणजे काडतुसं भरण्याच्या यंत्राच्या, चार्ज बारला (भार टाकणार्‍या सरकपट्टीला) छर्‍यांसाठी जी खाच असते ती आकारमान मोजते, वजन नाही. १ औंस शिसं टाकण्यासाठी कापलेल्या खाचेतून टंगस्टन सुमारे १.६ औंस पडतं. बाहेरून काडतूस अगदी नेहमीसारखं दिसतं. आत मात्र तीच पावडर (बंदुकीची दारू) दीडपटीहून जास्त वजन ढकलणार असते आणि दाब कुठे जाईल याचा भरवसा नाही. टंगस्टनचा प्रत्येक भार तराजूवरच तोला. हे काम सावकाशीचं आहे, पण एका हंगामाला टर्कीची पाच-सहाच तर काडतुसं लागतात.

तराजूचीही एक गंमत नसलेली गोष्ट आहे. डिजिटल तराजूचं एक बटण चुकून दाबलं गेलं की ग्रेनचे ग्रॅम किंवा कॅरट होतात. पावडर ग्रेनमध्ये तोलतात. १ ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. आपल्याकडे सोनार ज्या गुंजेने सोनं तोलायचे ती साधारण १२१ मिलिग्रॅमची, म्हणजे ग्रेन हे गुंजेच्या जेमतेम अर्ध्याहून थोडं जास्त. इतक्या बारीक मापात एककाची चूक डोळ्याला दिसत नाही. म्हणून बसण्याआधी प्रमाणित वजन ठेवून तराजू तपासा आणि दर दहा भारांनी पुन्हा तपासा. पंख्याचा वारा, जवळ ठेवलेला मोबाईल, गारठलेलं गॅरेज, या सगळ्यांनी काटा सरकतो.

आणि टेबलावर एका वेळी एकच पावडरचा डबा. दुसरा कपाटात.

‘जवळपास तसंच’ म्हणजे तसंच नव्हे

सर्वात जास्त धोका इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. छापील कृतीत हल (काडतुसाचं रिकामं कवच), प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी), पावडर, वॅड (छर्रे बसतात तो पाकळ्यांचा प्लॅस्टिकचा कप), छर्‍यांचं वजन, बफर आणि क्रिम्प (काडतुसाचं तोंड बंद करणारी दुमड) ही सगळी मिळून एकच गोष्ट असते. प्रायमर दुकानात मिळाला नाही म्हणून दुसर्‍या कंपनीचा बसवला, तरी दाब लक्षणीय बदलू शकतो. बफर म्हणजे छर्‍यांच्या फटींत घालायची प्लॅस्टिकची भुकटी. कृतीत नसताना ती घातली तर दाब वाढतो. आतून सरळ भिंतीचा हल आणि तळाला निमुळता होणारा हल बाहेरून जुळे भाऊ दिसतात, पण आतली जागा वेगळी असते. शिशाची कृती घेऊन त्यात तेवढ्याच वजनाचं टंगस्टन घालणं हीसुद्धा नवी, कुणीही न तपासलेली कृतीच आहे. टंगस्टनसाठी प्रयोगशाळेत दाब मोजून छापलेली कृती घ्या आणि ती अक्षरशः पाळा.

‘उडवून बघू, प्रायमर चपटा झाला तर कळेलच,’ हे मी अनेकदा ऐकलं आहे. रायफलवाल्यांची ही सवय शॉटगनला लावू नका. १२ बोअरच्या (बोअर म्हणजे नळीचं माप) पावणेतीन आणि तीन इंची काडतुसांची दाबाची मर्यादा ११,५०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे. रायफलची अनेक काडतुसं ६०,०००च्या आसपास चालतात. प्रायमर चपटा दिसेपर्यंत शॉटगनची मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते.

टंगस्टन कमी जागा घेतं, त्यामुळे वॅडचा कप अर्धा रिकामा राहतो आणि क्रिम्प आत धसतो. ही उंची छर्‍यांखाली फेल्ट किंवा कॉर्कच्या चकत्या घालून भरून काढायची, पण कृतीत सांगितलेल्याच. जास्त पावडर घालून तर कधीच नाही. घडीच्या क्रिम्पच्या मधोमध बारीकसं भोक राहिलं तर ९ नंबरचे छर्रे खिशात गळतात. तिथे रोल क्रिम्प (तोंडाची कड आत वळवणं) आणि वर पुठ्ठ्याची चकती बरी.

नळीवर ओरखडे

टंगस्टनचा छर्रा बंदुकीच्या नळीच्या पोलादापेक्षा कठीण असतो. पातळ पाकळ्यांचा शिशाचा वॅड वापरला तर छर्रे पाकळी फाडून थेट नळीला घासतात आणि ते ओरखडे परत जात नाहीत. जाड भिंतीचा वॅड आणि कृतीत असेल तर मायलारचं (चिवट प्लॅस्टिकच्या पातळ कागदाचं) वेष्टण, यात काटकसर नको. रेंजवर जमिनीवर पडलेले वॅड उचलून पाहा. बाहेरच्या बाजूने छर्‍यांचे आरपार खळगे दिसले तर तिथेच थांबा. चोकवर (नळीच्या तोंडाशी असलेल्या अरुंद भागावर) टंगस्टन चालेल असं बनवणार्‍याने लिहिलेलं हवं. आजोबांच्या काळची मऊ पोलादाची, कायमच्या चोकची बंदूक या कामाला काढू नका.

दोन बोअर, एक टेबल

टंगस्टनमुळे २० आणि ४१० बोअरनेही टर्की नीट पडते, त्यामुळे हल्ली अनेकांच्या घरी दोन-तीन बोअर एकत्र नांदतात. २० बोअरचं बारीक काडतूस १२ बोअरच्या बंदुकीत गेलं तर चेंबरमधून (काडतूस बसण्याच्या जागेतून) पुढे सरकून नळीत अडकतं. चाप ओढला तर काही होत नाही, माणूस रिकामी समजून १२ बोअरचं काडतूस घालतो आणि नळी फाटते, डाव्या हाताच्या बोटांजवळ. २० बोअरचे हल पिवळे ठेवण्याचा संकेत याचसाठी आहे. तो मोडू नका, आणि शिकारीच्या जॅकेटच्या खिशात दोन बोअर कधीही एकत्र नकोत.

बार फुसका गेला तर

आवाज दबका आला, धक्का कमी बसला, नळीत न जळलेल्या पावडरचे कण दिसले, तर बंदूक रिकामी करून नळीतून आरपार पाहा. वॅड अडकलेला असू शकतो आणि मागून दुसरा बार म्हणजे नळी गेली. नोव्हेंबरच्या थंडीत सावकाश जळणार्‍या पावडरी असा दगा जास्त देतात. कारण बहुधा सैल क्रिम्प किंवा ओल लागलेली पावडर. मी नवी कृती हंगामाआधी रात्रभर गारठवून रेंजवर उडवतो.

पॅटर्न बिघडला तर

पॅटर्न म्हणजे कागदावर उमटलेला छर्‍यांचा पसारा. ४० यार्डांवर १० इंची वर्तुळात निदान १०० छर्रे, हा टर्कीवाल्यांचा रूढ हिशेब. २० यार्डांवर कागदाला एकच फाटकं भोक पडलं तर पाकळ्या उघडत नाहीत: वॅडच्या चिरा राहिल्यात किंवा अपुर्‍या आहेत. उलट पॅटर्न मधे पोकळ असेल तर आधी चोक बदलून पाहा, काडतूस नंतर. हेही ध्यानात ठेवा की १५ यार्डांवर हा पॅटर्न मुठीएवढा असतो. जवळची टर्की चुकते ती यामुळे.

छर्रेच खोटे असतील तर सगळी मेहनत वाया. स्वस्तातलं ‘टंगस्टन’ घेतलंत तर २०० ग्रॅम छर्रे मोजनळीतल्या पाण्यात सोडा, बुडबुडे जायला भांड्याच्या साबणाचा एक थेंब घाला. पाणी सुमारे ११ मिलिलिटर चढायला हवं. १३च्या पुढे गेलं तर तो माल हलका आहे, आणि तुमची कृती त्याला लागू नाही. पाणपक्ष्यांसाठी तो मिश्रधातू अमेरिकेच्या फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसच्या मान्य यादीत आहे का तेही बघा. छर्‍यांच्या आकाराचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, ते दरवर्षी नव्याने वाचावेत.

पक्षी घरी आणल्यावरही काम उरतं. शिशाचा छर्रा दाताखाली दबतो, टंगस्टनचा दबत नाही, दात फोडतो. मांस उजेडात धरून जखमेची प्रत्येक वाट बोटाने चाचपा. छर्‍यासोबत आत ओढलं गेलेलं बारीक पीस दिसतं तिथे सुरीने उघडा. छर्रा बहुतेक त्याच्या टोकाशी असतो.