एक्सएमएलमधून युरोचा दर काढताना

कोल्हापूरच्या फाउंड्र्यांचं कास्टिंग युरोपात जातं, कोटेशन युरोत होतं. अशा एका कारखान्याचं वेबपान मी सांभाळते. त्यात युरोच्या रकमेशेजारी रुपयांचा अंदाज दिसतो आणि तो दर येतो युरोपियन सेंट्रल बँकेच्या रोजच्या एक्सएमएल (टॅगमध्ये माहिती मांडलेल्या) फाइलमधून. फाइल मोफत आहे, लहान आहे, आणि एक्सएमएल हाताळताना जिथे माणूस अडतो त्या बहुतेक जागा तिच्यात आहेत. म्हणून कामावर नव्याने आलेल्यांना मी हीच फाइल देते.

कोड लिहिण्याआधी फाइल उघडून डोळ्यांनी वाचा. सगळ्यात बाहेर ‘एन्व्हलप’. आत ‘क्यूब’, त्याच्या आत ‘टाइम’ हा अ‍ॅट्रिब्यूट (टॅगमध्येच लिहिलेला गुणधर्म) असलेला दुसरा ‘क्यूब’, आणि त्याच्याही आत प्रत्येक चलनाचा एकेक ‘क्यूब’, ‘करन्सी’ आणि ‘रेट’ घेऊन. तिन्ही पातळ्यांना नाव एकच, त्यामुळे ‘पहिला क्यूब’ मागून दर मिळत नाही. टॅगच्या आत मजकूरही नाही. टेक्स्टकंटेंट मागाल तर मोकळ्या जागाच हाती येतील.

दुसऱ्या डोमेनवरची फाइल ब्राउझर थेट वाचू देईलच असं नाही. ती आपल्या सर्व्हरवरून आणा आणि तिथेच साठवा. दर कामाच्या दिवशी एकदाच, मध्य युरोपच्या दुपारी ४च्या सुमारास बदलतात. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. दर मिनिटाला विचारण्यात अर्थ नाही.

आलेला मजकूर डीओएमपार्सरला (ब्राउझरमधलं एक्सएमएल वाचणारं साधन) देताना प्रकार ‘अ‍ॅप्लिकेशन/एक्सएमएल’ असाच सांगा. ‘टेक्स्ट/एचटीएमएल’ सांगितलात तर टॅग तिथेच संपल्याची खूण असलेली शेवटची तिरकी रेघ तो मानत नाही आणि डॉलरच्या क्यूबच्या पोटात येन, येनच्या पोटात पुढचं चलन अशी साखळी तयार होते. शिवाय एक्सएमएल मोडकं असलं तरी डीओएमपार्सर एरर फेकत नाही. ‘पार्सरएरर’ नावाचा टॅग असलेला डॉक्युमेंट परत देतो. ट्राय-कॅचच्या (एरर पकडणाऱ्या कोडच्या) भरवशावर राहू नका, पुढच्याच ओळीत तो टॅग शोधा.

आता नेमस्पेस, म्हणजे टॅगचं नाव कोणत्या संचातलं ते सांगणारा पत्ता. एक्सपाथने (एक्सएमएलमध्ये शोधण्याची भाषा) ‘//क्यूब’ मागितलं की शून्य उत्तरं येतात, आणि समोर फाइलमध्ये तर क्यूब दिसत असतात. कारण असं की एन्व्हलपवर डिफॉल्ट नेमस्पेस जाहीर केलेला आहे (त्या पत्त्यात २००२-०८-०१ अशी तारीख दिसेल) आणि आतले सगळे क्यूब त्याचेच. एक्सपाथ १.० मध्ये उपसर्ग नसलेलं नाव म्हणजे कुठल्याच नेमस्पेसमध्ये नसलेलं नाव. तेव्हा रिझॉल्व्हरमध्ये (उपसर्गावरून पत्ता सांगणारं फंक्शन) आपल्या आवडीचा उपसर्ग त्या पत्त्याला जोडा आणि तो वापरून मागा. उपसर्ग कोणताही चालतो, पत्ता मात्र अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. बरेच जण ‘लोकल-नेम’चा, म्हणजे नेमस्पेस न बघता नुसत्या नावाने शोधण्याचा, आडमार्ग घेतात. चालतो, पण दोन नेमस्पेसमध्ये एकच नाव आलं की फसतो. आपल्याला एकच दर हवा असेल तर क्वेरीसिलेक्टरने (सीएसएसच्या खुणेने टॅग शोधणारं फंक्शन) ‘करन्सी’ आयएनआर (रुपया) असलेला क्यूब मागणं सगळ्यात सरळ. फक्त कॅपिटल अक्षरं जशीच्या तशी लिहा.

रेग्युलर एक्स्प्रेशनने (अक्षरांचा साचा जुळवून) तुकडे पाडू नका, ही माझी कळकळीची विनंती. उद्या एकेरी अवतरणाच्या जागी दुहेरी आलं, अ‍ॅट्रिब्यूटचा क्रम उलटला, तरी एक्सएमएल तेच राहतं. तुमचा कोड मात्र पडतो.

‘रेट’ स्ट्रिंग म्हणून येतो. तो पार्सफ्लोटने वाचा: अ‍ॅट्रिब्यूट नसेल तर मिळतो नल (काहीच नाही), आणि नंबर(नल) म्हणजे ०, पार्सफ्लोट(नल) मात्र ‘आकडा नाही’ असं सांगतो. कोटेशनवर शून्य रुपये छापले जाण्यापेक्षा ‘दर उपलब्ध नाही’ बरं.

दराशेजारी ‘टाइम’मधली तारीख दाखवाच, आजची नव्हे. सोमवारी सकाळी तिथे शुक्रवार दिसेल आणि तेच बरोबर आहे. हे दर माहितीपुरते आहेत, व्यवहारासाठी वापरू नयेत, असं युरोपियन सेंट्रल बँक स्वतःच सांगते. म्हणून आमच्या पानावर त्या आकड्याआधी ‘अंदाजे’ लिहिलेलं असतं, आणि बिलाला दर लागतो तो कारखान्याच्या बँकेने दिलेला.