इंदुरात बसून मराठी वाचायचंय? मग फीड रीडर घरच्या मशीनवर बसवा: कुठला घ्यायचा आणि कसा लावायचा

इंदुरात राहणाऱ्या मराठी माणसाला रोजचं मराठी वाचन आपणहून मिळत नाही, ते मागवावं लागतं. फोन उघडला की तो लोकेशन बघून हिंदी बातम्या समोर टाकतो, ऑफिसचं वाचन इंग्रजीत, आणि मराठी वाचायचं तर पुण्या-मुंबईच्या साइट, कुणाकुणाचे ब्लॉग, एखादं मासिकाचं पान असं एकेक आठवून उघडायचं, आणि आठवलं नाही की ते राहूनच जातं. घरात आई-बाबांना मराठी हवं, मुलांना हिंदी आणि इंग्रजी, आणि शहराच्या बातम्या तर सगळ्यांनाच हव्या. यावर जुना आणि अजून ठणठणीत असलेला उपाय म्हणजे आरएसएस फीड, म्हणजे साइट स्वतःच पुरवते ती नव्या लेखांची यादी, आणि ती आणून दाखवणारा प्रोग्राम म्हणजे फीड रीडर. साइट तुम्ही निवडायच्या, नवीन लेख आला की रीडर तो आणून ठेवतो, तारखेच्या क्रमाने, तुम्ही मागितलंय तेवढंच.

गूगलचा असाच फीड रीडर, गूगल रीडर, १ जुलै २०१३ ला बंद झाला तेव्हा असंख्य लोकांची वर्षानुवर्षं जमवलेली यादी एकदम बेघर झाली. दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवलेली वस्तू त्याच्या मर्जीवर असते. म्हणून मी सांगतेय ते सेल्फ-होस्टेड, म्हणजे प्रोग्राम ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला) आणि चालणार तुमच्याच घरातल्या नाहीतर तुम्ही भाड्याने घेतलेल्या मशीनवर.

कुठला रीडर चांगला हे विचारायच्या आधी दोन गोष्टी ठरवा, वाचणार कोण आणि सांभाळणार कोण. फीचरची यादी लावून तुलना करायला गेलं तर सगळेच सारखे दिसतात, फरक पडतो तो इथेच. एकटा माणूस वाचणार आणि त्यालाच लिनक्स येतं, की घरातली चार माणसं वाचणार आणि सांभाळणारी पोरगी नोकरीसाठी बंगळुरूला, ही दोन अगदी वेगळी घरं आहेत आणि त्यांना रीडरही वेगळा लागतो.

फ्रेशआरएसएस: घरासाठी हाच

माझं मत आधीच सांगून टाकते, बहुतेक मराठी घरांसाठी फ्रेशआरएसएस. पीएचपी भाषेत लिहिलेला आहे, लायसन्स एजीपीएल हे ओपन सोर्सचं, २०१२ पासून चालू आहे आणि अजून नियमित अपडेट येतात. डेटाबेस, म्हणजे लेख साठवायची सोय, एसक्यूलाइट चालतो, मायएसक्यूएल-मारियाडीबी चालतो, पोस्टग्रेसुद्धा चालतो, पण घरच्यासाठी एसक्यूलाइट भरपूर झालं, वेगळा डेटाबेस सर्व्हर सांभाळायची गरजच नाही. घरात प्रत्येकाचं वेगळं अकाउंट करता येतं, बाबांची यादी बाबांची, तुमची तुमची.

मराठी वाचणाऱ्यासाठी याच्यात दोन-तीन गोष्टी फार कामाच्या आहेत. एक म्हणजे शोध. फ्रेशआरएसएस अक्षरांचा तुकडा शोधतो, म्हणजे "इंदूर" टाकलं तर "इंदूरच्या", "इंदूरला", "इंदूरकर" सगळं सापडतं. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात त्यामुळे हे महत्त्वाचं आहे. "इंदुरात" मात्र सापडणार नाही कारण तिथे उकार ऱ्हस्व होतो, म्हणून मी दोन्ही रूपं मध्ये ओआर (OR, म्हणजे किंवा) टाकून शोधते.

दुसरं म्हणजे फिल्टर. बातम्यांच्या साइटचं फीड लावलं की राशीभविष्याचा रोजचा ढीग येतो. फीडच्या सेटिंगमध्ये जाऊन शीर्षकात "राशीभविष्य" असेल तर आपोआप वाचलेलं धर असा नियम टाकता येतो. आणि तिसरं, ज्या साइटला फीडच नाही तिथूनसुद्धा एक्सपाथ, म्हणजे पानातली नेमकी जागा सांगणारं सूत्र, लिहून लेखांची यादी काढता येते. यात थोडं एचटीएमएल कळावं लागतं, पण लहान संस्थांच्या, कार्यक्रमांची माहिती टाकणाऱ्या साध्या साइटना बरेचदा फीड नसतंच, तिथे दुसरा इलाज नाही.

अर्धवट लेखांचा प्रश्नही इथेच सुटतो. पुष्कळ साइट फीडमध्ये दोन ओळी देतात आणि बाकी वाचायला साइटवर या म्हणतात. फ्रेशआरएसएसमध्ये प्रत्येक फीडला सीएसएस सिलेक्टर, म्हणजे पानातल्या मजकुराच्या चौकटीचं नाव, देता येतो, मग तो मूळ पानावरून पूर्ण लेख उचलून आणतो. वर्डप्रेसच्या ब्लॉगवर बरेचदा टिंब देऊन एंट्री-कंटेंट (.entry-content), ब्लॉगस्पॉटवर टिंब देऊन पोस्ट-बॉडी (.post-body), एवढं लिहिलं की काम होतं. नाही झालं तर कॉम्प्युटरवर लेख उघडून राइट क्लिक, इन्स्पेक्ट, आणि मजकुराच्या चौकटीचं नाव बघून घ्या.

उणीव म्हणाल तर सेटिंग इतक्या आहेत की पहिल्यांदा माणूस गोंधळतो, आणि दिसायलाही जरा जुन्या वळणाचा आहे. थीम बदलता येते, आणि स्वतःची सीएसएस (पान कसं दिसावं याचे नियम) टाकून देवनागरीसाठी अक्षर मोठं आणि ओळींमधलं अंतर जास्त करून घ्या, वरच्या-खालच्या मात्रा-उकारांना जागा मिळाली की वाचायला खूप आराम पडतो, ज्येष्ठांसाठी तर हे कराच.

मिनीफ्लक्स: एकट्याने आणि भरभर वाचणाऱ्यासाठी

मिनीफ्लक्स गो भाषेत लिहिलाय, एकच फाइल, लायसन्स अपाचे, आणि डेटाबेस फक्त पोस्टग्रे. दुसरा पर्याय ते देतच नाहीत आणि पुढेही देणार नाहीत, लेखकाने मुद्दामच सगळं कमीत कमी ठेवलंय. वाचायला मात्र फार सुंदर. पान लगेच उघडतं, कीबोर्डने सगळं होतं, J दाबा पुढे, K दाबा मागे, लेखातले ट्रॅकिंगवाले पिक्सेल (तुमच्यावर नजर ठेवणारी न दिसणारी चित्रं) तो स्वतःच काढतो, आणि पूर्ण लेख आणायला बरेचदा एका चौकटीत टिक केली की झालं, सिलेक्टर शोधत बसायला नको.

शोध मात्र पोस्टग्रेच्या फुल-टेक्स्ट पद्धतीने चालतो, म्हणजे अख्खा शब्द जुळावा लागतो. इंग्रजीला ते ठीक, मराठीत "इंदूर" शोधलं की "इंदूरच्या" निसटतं. तुम्ही वाचलेलं परत शोधणारे असाल तर हे लक्षात घ्या. आणि आणखी एक, मूळ सेटिंगमध्ये वाचलेले लेख ६० दिवसांनी आणि न वाचलेले १८० दिवसांनी तो काढून टाकतो. स्टार केलेले राहतात. जुनं जपून ठेवायचं असेल तर हे आकडे आधीच बदला.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. यार (yarr) हा सगळ्यात हलका, एक फाइल, आत एसक्यूलाइट, चालवली की ब्राउझरमध्ये ७०७० पोर्टवर (पत्त्याच्या शेवटी लिहायचा आकडा) दिसतो, त्यामुळे आपल्याला हे प्रकरण झेपतंय का हे बघायला उत्तम, पण वेगवेगळी अकाउंट नाहीत. कॉमाफीड जावामधला, दिसायला जुन्या गूगल रीडरसारखा, त्याची सवय असलेल्यांनी बघावा. घरी आधीच नेक्स्टक्लाउड (फाइल वगैरे ठेवायचा स्वतःचा क्लाउड) चालवत असाल तर त्यातलं न्यूज ॲप पुरेसं आहे, फक्त सिस्टम क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय, लावा, नाहीतर फीड नीट अपडेट होत नाहीत. टायनी टायनी आरएसएस २००५ पासूनचा, फिल्टर जबरदस्त, पण मूळ लेखकाने २०२५ मध्ये काम थांबवलं आणि आता दुसरी मंडळी त्याची प्रत पुढे नेतायत. आधीपासून वापरत असाल तर लगेच पळायची घाई नाही, त्या प्रतीवर जा. नव्याने सुरू करत असाल तर तो घेऊ नका.

लावायचा कसा

मशीन नवीन घ्यायची गरज नाही. घरात पडलेला जुना लॅपटॉप चालतो, बॅटरी बरी असेल तर लाइट गेली तरी तो चालू राहतो, फक्त झाकण बंद केल्यावर झोपू नये ही सेटिंग करून घ्या, आणि बॅटरी फुगलेली दिसली तर ती आधी काढा. नसेल तर सिल्व्हर मॉलमध्ये चक्कर मारा, ऑफिसमधून निघालेले छोटे डेस्कटॉप मिळतात, ते या कामाला हवे त्यापेक्षा दणकट असतात. रास्पबेरी पाय असेल तर डेटाबेस मेमरी कार्डवर ठेवू नका, सतत लिहिण्याने कार्ड मरतं, यूएसबीवर एसएसडी लावा.

डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाका, त्यावर डॉकर टाका, म्हणजे प्रोग्राम वेगळ्या डब्यात, कंटेनरमध्ये, चालवणारी सोय. मग कंपोज फाइलमध्ये, म्हणजे काय चालवायचं ते डॉकरला सांगणाऱ्या फाइलमध्ये, फ्रेशआरएसएसची अधिकृत इमेज (कंटेनरचा तयार साचा) लिहा आणि चार गोष्टी विसरू नका. पहिली, डेटा आणि एक्स्टेन्शन्स हे दोन फोल्डर बाहेर मशीनवर जोडा, नाहीतर कंटेनर बदलला की सगळं गेलं. दुसरी, टाइमझोन एशिया कोलकाता (Asia/Kolkata). तिसरी, क्रॉन-मिन (CRON_MIN) नावाची सेटिंग, त्यात इंग्रजी आकड्यांत 3,33 असं लिहिलं की दर तासाला तिसऱ्या आणि तेहेतिसाव्या मिनिटाला फीड आपोआप आणले जातात. हे रिकामं ठेवलं तर क्रॉन चालतच नाही आणि माणसाला वाटतं रीडरच बिघडलाय. अर्ध्या तासात एकदापेक्षा जास्त वेळा मागू नका, छोट्या ब्लॉगच्या सर्व्हरला उगाच त्रास, आणि मोठ्या साइट सरळ अडवतात. चौथी, रीस्टार्टची सेटिंग, म्हणजे लाइट येऊन मशीन चालू झालं की रीडर आपणच उठेल.

चालू केलं की ब्राउझरमध्ये पत्ता उघडा, तो भाषा विचारेल, डेटाबेस विचारेल तिथे एसक्यूलाइट, मग युजर आणि पासवर्ड. झालं.

फोनवर वाचायला ब्राउझरही चालतो पण ॲप बरं. रीडरच्या सेटिंगमध्ये ऑथेंटिकेशनच्या पानावर एपीआयला (दुसऱ्या ॲपनी रीडरशी बोलायची वाट) परवानगी द्या, आणि मग प्रोफाइलमध्ये एपीआयचा वेगळा पासवर्ड ठेवा, हे दोन्ही करावं लागतं आणि लोक दुसरं विसरतात. अँड्रॉइडवर रीड यू किंवा कॅपी रीडर, आयफोनवर नेटन्यूजवायर. गूगल रीडर बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी ही ॲप सर्व्हरशी बोलतात ती त्याच्याच एपीआयच्या पद्धतीने, म्हणून उद्या फ्रेशआरएसएसवरून मिनीफ्लक्सवर गेलात तरी ॲप बहुतेक तेच राहतं.

घराबाहेरून उघडायचं असेल तर राउटरमध्ये पोर्ट उघडत बसू नका. आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँडमध्ये स्वतःचा पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा थेट पत्ता) मिळतच नाही, त्यामुळे ते चालतही नाही, आणि चाललं तर धोका. मशीनवर आणि फोनवर टेलस्केल टाका, ते तुमची उपकरणं एका खाजगी नेटवर्कमध्ये जोडतं, दोन्हीकडे एकच लॉगिन, रीडर जगात कुठूनही घरातल्यासारखा उघडतो आणि बाहेरच्या कुणाला दिसत नाही. बंगळुरूहून सांभाळणाऱ्या पोरीलाही याच वाटेने आत येता येतं.

फीड कुठून आणायचे

ब्लॉगचा नुसता पत्ता टाका, रीडर फीड स्वतः शोधतो. नाही सापडलं तर वर्डप्रेसच्या पत्त्यापुढे स्लॅश फीड (/feed), ब्लॉगस्पॉटच्या पुढे स्लॅश फीड्स स्लॅश पोस्ट्स स्लॅश डिफॉल्ट (/feeds/posts/default). यूट्यूब चॅनलचंही फीड असतं, चॅनलचा पत्ता टाकून बघा. त्यात शेवटचे १५ व्हिडिओ येतात. व्याख्यानं, संगीत ऐकणाऱ्या घरच्या मोठ्यांना हे फार आवडतं कारण पुढे काय बघायचं हे कोणी ढकलत नाही.

विषयावर बातम्या हव्या असतील तर गूगल न्यूज मराठीत उघडून "इंदूर मराठी" असं काही शोधा, आणि वर जो पत्ता दिसेल त्यात डॉट कॉमच्या लगेच पुढे स्लॅश आरएसएस (/rss) घाला, झालं फीड. यात फक्त शीर्षक आणि लिंक मिळते, लेख नाही, पण महाराष्ट्राबाहेरच्या मराठी लोकांबद्दल कुठे काय छापून आलं हे कळायला याच्याइतकी सोपी सोय मला तरी माहीत नाही.

मोठ्या दैनिकाचं मुख्य फीड लावताना मात्र ते वेगळ्या कॅटेगरीत टाका आणि प्राधान्य कमी करून मुख्य प्रवाहातून बाहेर ठेवा. नाहीतर दिवसाला शंभर बातम्यांखाली महिन्यातून एकदा लिहिणाऱ्या माणसाचा चांगला लेख गाडला जातो, आणि आपण हे सगळं केलं ते त्याच लेखासाठी.

बॅकअपचं म्हणाल तर ओपीएमएल फाइल, म्हणजे फीडच्या यादीची फाइल, रीडरमधून महिन्याला एकदा उतरवून ठेवा, पण तिच्यात फक्त साइटची यादी असते, वाचलेलं-न वाचलेलं, स्टार, यातलं काही नसतं. त्यासाठी फ्रेशआरएसएसचा कंटेनर थांबवून अख्खा डेटा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. मिनीफ्लक्सवाल्यांनी पोस्टग्रेचा डंप (अख्ख्या डेटाबेसची प्रत) घ्यायचा, आणि कंपोज फाइलमध्ये पोस्टग्रेपुढे लेटेस्ट कधीच लिहायचं नाही, आवृत्तीचा आकडा लिहायचा, कारण मोठी आवृत्ती बदलली की जुना डेटा नव्याला उघडता येत नाही आणि सकाळी रीडर बंद दिसतो. अपडेट करायच्या आधी बॅकअप, मग नवी इमेज ओढा, मग पाच मिनिटं लॉग (प्रोग्राम काय करतोय, काय चुकतंय याची नोंद) बघा.