काश्मीर, मानवी हक्क आणि भारताचं उत्तर : वाचताना-लिहिताना या चुका टाळा

१४ जून २०१८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्त कार्यालयाने काश्मीरवरचा आपला पहिला अहवाल प्रसिद्ध केला. नियंत्रण रेषेच्या दोन्ही बाजूंची परिस्थिती त्यात होती. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने त्याच दिवशी तो फेटाळला : अहवाल चुकीचा, एकांगी आणि विशिष्ट हेतूने तयार केलेला आहे, असं निवेदनात म्हटलं होतं. त्याच संध्याकाळी श्रीनगरमध्ये 'रायझिंग काश्मीर'चे संपादक शुजात बुखारी आणि त्यांचे दोन अंगरक्षक यांची गोळ्या झाडून हत्या झाली.

हा दिवस मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पेपरात या विषयावर उत्तरं लिहितात, वृत्तपत्रांत लेख येतात, घराघरांतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाद होतात. सगळीकडे त्याच त्या चुका दिसतात. अशा चुकांमुळे गुण जातात ते जातातच, पण ज्या माणसांबद्दल आपण बोलतोय ती माणसंच बोलण्यातून गायब होतात. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

फेटाळलं म्हणजे खोटं ठरलं, असं धरणं

ही सर्वांत मोठी चूक. उत्तरात वाक्य असतं : 'भारताने हा अहवाल निराधार असल्याचे सिद्ध केले.' कुठे सिद्ध केलं? २०१८ चं निवेदन काढून बसा आणि प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलने लिहा, हे वाक्य नेमकं कशाबद्दल आहे. काही वाक्यं सार्वभौमत्वाबद्दल आहेत : संपूर्ण जम्मू-काश्मीर भारताचा अविभाज्य भाग आहे, त्यातला काही भाग पाकिस्तानने बेकायदा बळकावला आहे. काही वाक्यं पद्धतीबद्दल आहेत : माहिती निवडक आहे आणि बव्हंशी पडताळलेली नाही. काही शब्दयोजनेबद्दल आहेत : 'आझाद जम्मू-काश्मीर' नावाचं काही अस्तित्वातच नाही, संयुक्त राष्ट्रांनीच दहशतवादी ठरवलेल्या संघटनांना 'सशस्त्र गट' कसं म्हणता? आणि काही सीमेपलीकडच्या दहशतवादाबद्दल आहेत : तोच मानवी हक्कांचा सर्वांत भीषण भंग आहे आणि त्याकडे दुर्लक्ष झालंय.

यातला प्रत्येक आक्षेप गंभीर आहे आणि त्याला आधार आहे. पण पेलेट गनच्या छर्‍यांनी जखमी झालेल्यांचं काय, याचं उत्तर देणारं वाक्य शोधा. मिळणार नाही.

आता अहवालाकडे वळा. २०१६ च्या जुलैपासून फेब्रुवारी २०१७ पर्यंत पेलेटने जखमी झालेल्यांचा आकडा ६,२२१ होता. हा आकडा आला कुठून? तत्कालीन राज्य सरकारने विधानसभेत दिलेल्या लेखी उत्तरातून. अफ्स्पा, म्हणजे सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणारा कायदा; त्याखाली जवानांवर खटला चालवायला केंद्राची परवानगी लागते. २००१ पासून जम्मू-काश्मीरमधून अशा ५० प्रकरणांत परवानगी मागितली गेली, ४७ प्रकरणांत ती नाकारली गेली आणि ३ प्रलंबित होती. ही माहिती जानेवारी २०१८ मध्ये राज्यसभेत लेखी उत्तरात कोणी दिली? तेव्हाचे संरक्षण राज्यमंत्री सुभाष भामरे यांनी, म्हणजे आपल्या धुळ्याच्या तेव्हाच्या खासदारांनी. त्यामुळे 'माहिती पडताळलेली नाही' हा आक्षेप अहवालातल्या सगळ्याच माहितीला सरसकट लावता येत नाही. काही आकडे खुद्द सरकारचेच आहेत.

उलटी चूक : अहवाल म्हणजे निकालपत्र

दुसरा गट अहवाल हातात आला की तो न्यायालयाच्या निकालासारखा वाचतो. हे कार्यालय न्यायालय नाही. भारत आणि पाकिस्तान दोघांनीही त्याला विनाअट प्रवेश दिला नाही, म्हणून त्याने दुरूनच निरीक्षण केलं, आणि हे त्याने स्वतः अहवालात लिहिलं आहे. म्हणजे काही गोष्टी सरकारी कागदपत्रांतून आल्या, काही नागरी संघटनांकडून, काही माध्यमांतून. जुलै २०१६ च्या मध्यापासून मार्च २०१८ पर्यंत सुरक्षा दलांच्या हातून १३० ते १४५ नागरिक आणि सशस्त्र गटांच्या हातून १६ ते २० नागरिक मारले गेले, हा नागरी संघटनांचा अंदाज आहे. तो अंदाज म्हणूनच उद्धृत करा. प्रत्येक आकड्याखाली तळटीप असते, तिथे जा. दहा मिनिटांचं काम आहे.

इथे एक दुष्टचक्र आहे आणि ते उत्तरात यायला हवं. सरकार म्हणतं, तुम्ही दुरून लिहिलंत म्हणून विश्वासार्ह नाही. कार्यालय म्हणतं, आत येऊ दिलं नाहीत म्हणून दुरून लिहिलं. भारत कोणालाच येऊ देत नाही, असं मात्र लिहू नका. सप्टेंबर २०११ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकांना, म्हणजे एकेका विषयावर नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञांना, खुलं निमंत्रण दिलं होतं, आणि मार्च २०१२ मध्ये न्यायबाह्य हत्यांविषयीचे प्रतिवेदक क्रिस्टोफ हेन्स जम्मू-काश्मीरमध्येही जाऊन आले होते. त्यांनी अफ्स्पा रद्द करण्याची शिफारस केली. दार कधीतरी उघडं होतं, हे लक्षात ठेवलं की बंद दाराबद्दल प्रश्न नीट विचारता येतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये युरोपीय संसदेच्या २३ सदस्यांना काश्मीरला नेलं गेलं, तो दौरा खासगी होता. त्याला पाहणी म्हणू नका.

'युनोने भारताला झापलं' असले मथळे

संयुक्त राष्ट्रं हा एक माणूस नाही. उच्चायुक्त कार्यालय वेगळं, ४७ देशांची मानवी हक्क परिषद वेगळी, सुरक्षा परिषद वेगळी, आणि विशेष प्रतिवेदक हे स्वतंत्र तज्ज्ञ. २०१८ मध्ये तेव्हाचे उच्चायुक्त झैद राद अल हुसेन यांनी चौकशी आयोग नेमण्याचा विचार करावा, असं परिषदेला सुचवलं. परिषदेने असा आयोग नेमला नाही. १६ ऑगस्ट २०१९ ला सुरक्षा परिषदेत काश्मीरवर बंद दाराआड विचारविनिमय झाला, त्यातून कोणतंही निवेदन निघालं नाही. 'युनो' लिहिलं की हे सगळं एका पोत्यात जातं. कोण बोललं, त्याला काय अधिकार होता आणि पुढे काय झालं, एवढं लिहिलं की पुरे.

'अंतर्गत बाब' आणि 'द्विपक्षीय बाब' यांची गल्लत

चांगल्या चांगल्या लेखांत हे दोन्ही शब्दप्रयोग एकाच परिच्छेदात एकमेकांच्या जागी येतात. युक्तिवाद मात्र दोन आहेत. एखादी गोष्ट अंतर्गत असेल तर पाकिस्तानशीही बोलायचं कारण नाही. द्विपक्षीय असेल तर पाकिस्तानशी बोलायचं, तिसऱ्याशी नाही.

५ ऑगस्ट २०१९ ला कलम ३७० चा बदल झाला, तेव्हा भारताने 'अंतर्गत बाब' म्हटलं, कारण प्रश्न भारतीय राज्यघटनेचा होता. त्याआधी दोनच आठवडे ट्रम्प म्हणाले होते की मोदींनी आपल्याला मध्यस्थी करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी संसदेत ते नाकारलं आणि पाकिस्तानशी असलेले सर्व प्रश्न द्विपक्षीय पातळीवरच सुटतील, असं सांगितलं. त्याला आधार २ जुलै १९७२ च्या सिमला कराराचा.

आणि मानवी हक्क? ते या दोन्ही खणांत पूर्ण बसत नाहीत. नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९७९ मध्ये स्वतःहून स्वीकारला. स्वीकारताना सरकारने काही गोष्टी लिहून ठेवल्या, आणि त्यातल्या दोन ज्या विद्यार्थ्याला माहीत असतात त्याचं उत्तर लगेच उठून दिसतं. एक, स्वयंनिर्णयाचा हक्क परकीय अमलाखालच्या लोकांपुरता आहे, सार्वभौम राज्याच्या एखाद्या भागाला तो लागू नाही. दोन, अटकेसंबंधीचं कलम आपल्या घटनेतल्या कलम २२ च्या तरतुदींना धरून लागू होईल, म्हणजे प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला जागा ठेवली. जम्मू-काश्मीरचा १९७८ चा सार्वजनिक सुरक्षा कायदा खटल्याविना दोन वर्षांपर्यंत स्थानबद्ध ठेवू देतो, त्याची चर्चा या दुसऱ्या मुद्द्याशिवाय होऊच शकत नाही. पण जगण्याच्या हक्काबद्दल भारताने असं काही राखून ठेवलेलं नाही. तिथे 'आमची अंतर्गत बाब' एवढं म्हणून भागत नाही.

१९९४ चं जिनिव्हा फक्त भाषणाचा विजय म्हणून सांगणं

ही गोष्ट आपल्याकडे फार आवडीने सांगितली जाते, आणि आवडावी अशीच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या तेव्हाच्या मानवी हक्क आयोगात पाकिस्तानने काश्मीरवरून भारताविरुद्ध ठराव आणला. पंतप्रधान नरसिंह राव यांनी शिष्टमंडळाचं नेतृत्व विरोधी पक्षनेते अटलबिहारी वाजपेयी यांना दिलं. सोबत सलमान खुर्शीद, फारूक अब्दुल्ला. आजारी परराष्ट्रमंत्री दिनेश सिंह तेहरानला गेले. इराण आणि चीनने पाकिस्तानला साथ दिली नाही आणि मार्च १९९४ मध्ये ठराव मागे घ्यावा लागला. २२ फेब्रुवारीला आपल्या संसदेने काश्मीरवर एकमताने ठराव केला होता, तोही याच दिवसांतला.

अर्धी गोष्ट इथे संपते. उरलेली अर्धी कोणी सांगत नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोग ऑक्टोबर १९९३ मध्ये स्थापन झाला, म्हणजे जिनिव्हाच्या आधी काही महिने. देशात तक्रार ऐकणारी संस्था आहे, असं सांगण्याची सोय शिष्टमंडळाला त्यामुळे झाली. आणि जून १९९५ मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसशी करार करून जम्मू-काश्मीरमधल्या बंदिवानांना भेटण्याची मुभा दिली. बाहेर ठाम उभं राहायला घरात काहीतरी करावं लागतं, हे रावांच्या सरकारला कळलं होतं.

म्हणून आजच्या निवेदनाची तुलना १९९४ शी करताना एक प्रश्न विचारा : घरातली कोणती संस्था दाखवता येते? जम्मू-काश्मीरचा राज्य मानवाधिकार आयोग ऑक्टोबर २०१९ मध्ये बंद झाला. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात इंटरनेटबंदीचे आदेश प्रसिद्ध करायला सांगितले, ही जमेची बाजू. संपूर्ण जम्मू-काश्मीरमध्ये फोर-जी मात्र फेब्रुवारी २०२१ मध्येच परत सुरू झालं. हे दोन्ही लिहा.

'मग पंडितांचं काय?'

हा प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसवू नका. प्रश्न खरा आहे. जानेवारी १९९८ मध्ये वंधामात २३ पंडित मारले गेले, मार्च २००३ मध्ये नदीमर्गमध्ये २४. हजारो कुटुंबं घरदार सोडून गेली. चूक होते ती या प्रश्नाने दुसरा प्रश्न बंद करण्यात. २० मार्च २००० ला चित्तिसिंहपुरात ३५ शीख मारले गेले. पाच दिवसांनी पथरीबलमध्ये पाच माणसं चकमकीत मारून 'हेच ते परदेशी दहशतवादी' असं जाहीर झालं. ते स्थानिक नागरिक निघाले. सीबीआयने लष्करी अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवलं, २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लष्कराला आपल्या न्यायालयात खटला चालवण्याचा पर्याय दिला, आणि जानेवारी २०१४ मध्ये पुराव्याअभावी लष्कराने प्रकरण बंद केलं. चित्तिसिंहपुरातल्या शिखांनाही यातून न्याय मिळाला नाही आणि पथरीबलच्या कुटुंबांनाही नाही.

पंडितांच्या हत्यांची चौकशी व्हावी म्हणून याचिका आली, ती जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फार उशीर झाला म्हणून नाकारली. म्हणजे ज्यांना आपण वादात एकमेकांसमोर उभं करतो, त्या दोन्ही बाजूंच्या कुटुंबांची मागणी एकच आहे : चौकशी करा. ११ डिसेंबर २०२३ च्या कलम ३७० च्या निकालात न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी, जे स्वतः काश्मिरी पंडित आहेत, १९८० च्या दशकापासून सरकारी आणि बिगरसरकारी दोन्ही घटकांनी केलेल्या मानवी हक्कभंगांची नोंद घेणारा सत्य आणि सलोखा आयोग नेमावा, अशी शिफारस केली. ही शिफारस जिनिव्हातून आलेली नाही, दिल्लीतूनच आली आहे. उत्तरात तिला जागा द्या.

पाकिस्तानचं वागणंही याच ओघात तपासा. २०१८ च्या अहवालातल्या चौकशी आयोगाच्या सूचनेचं त्याने स्वागत केलं, पण त्याच अहवालात त्याच्या ताब्यातल्या काश्मीरबद्दल जे लिहिलं होतं, त्याची तुलना भारताशी करू नका, असंही म्हटलं.

दुरुस्ती कशी दिसते

चुकीचं उत्तर : 'संयुक्त राष्ट्रांच्या खोट्या अहवालाला भारताने सडेतोड उत्तर देऊन तो निराधार ठरवला, कारण काश्मीर ही भारताची अंतर्गत बाब आहे.'

तेच दुरुस्त करून : 'उच्चायुक्त कार्यालयाचा जून २०१८ चा अहवाल भारताने सार्वभौमत्व, माहितीची निवड, शब्दयोजना आणि दहशतवादाकडे झालेलं दुर्लक्ष या चार मुद्द्यांवर फेटाळला. पेलेटच्या जखमा आणि अफ्स्पाखालच्या नाकारलेल्या परवानग्या यांबद्दलचे आकडे सरकारने विधिमंडळात आणि संसदेत आधीच दिले होते. निवेदनात त्यांवर भाष्य नव्हतं. अहवाल प्रत्यक्ष भेटीविना तयार झाला, ही त्याची मर्यादा. मानवी हक्क परिषदेने चौकशी आयोग नेमला नाही. देशांतर्गत चौकशीची शिफारस २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील एका न्यायमूर्तींनी केली, आणि ती सर्व बाजूंच्या पीडितांना लागू होणारी आहे.'