पनामात बिऱ्हाड थाटताना

बॅगा भरायला घेण्याआधी पिवळ्या तापाची लस घ्या. भारतातून थेट येणाऱ्याकडे पनामात ही लस घेतल्याचं पिवळं कार्ड सहसा कोणी मागत नाही, म्हणून बरेच जण ते टाळतात. कार्डाची गरज परतताना पडते. भारत सरकारच्या पीतज्वराच्या यादीत पनामा आहे. पनामा सोडल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि कार्ड नसेल, तर विमानतळावरूनच विलगीकरणात नेतात. घरी कोणाचं दुखणंखुपणं निघालं आणि तातडीने जावं लागलं, तर हे फार महागात पडतं. लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी कार्ड ग्राह्य होतं आणि २०१६ पासून ते जन्मभर चालतं. लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यायची आणि कार्डावरचा पासपोर्ट क्रमांक तिथल्या तिथे ताडून पाहायचा. गरोदर बायका, साठीच्या पुढचे लोक आणि अंड्याची ॲलर्जी असलेले यांनी आधी डॉक्टरला विचारावं.

तिकीट इस्तंबूल किंवा ॲमस्टरडॅममार्गे काढलेलं बरं. अमेरिकेमार्गे स्वस्त दिसतं, पण तिथे नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो.

आता कागद. जन्मदाखला, विवाह नोंदणी, पदवी आणि पोलिसांचा दाखला, या चौघांना ॲपोस्टिल हवं, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून आपलं परराष्ट्र मंत्रालय जोडतं ते प्रमाणपत्र. पदवीला आधी राज्य सरकारची साक्षांकनाची पायरी, मग परराष्ट्र मंत्रालय. जुन्या जन्मदाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, नुसतं आईबापाचं नाव आणि ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’. तो कागद इथे निरुपयोगी. गावच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नाव चढवून नवा दाखला काढायचा आणि मगच पुढच्या मार्गाला लागायचं. पोलिसांचा दाखला सगळ्यात शेवटी काढा, कारण त्याची मुदत सगळ्यात आधी संपते. स्पॅनिश भाषांतर भारतात करून आणू नका. पनामात ते इथल्या परवानाधारक भाषांतरकाराकडूनच करून घ्यावं लागतं, आणि तेही ॲपोस्टिल झाल्यावर, कारण ॲपोस्टिलच्या पानाचंही भाषांतर लागतं.

यापेक्षा मोठा घोळ होतो तो आपल्या नावाचा. इथे माणसाला दोन आडनावं असतात, आधी बापाचं, मग आईचं. समजा, पासपोर्टवर अमोल रमेश जोशी असं नाव आहे. खिडकीवरचा कारकून वाचतो: नाव अमोल, बापाचं आडनाव रमेश, आईचं आडनाव जोशी. फाइल गेली ‘र’मध्ये. बायको स्वाती अमोल जोशी आणि मुलगी ईरा अमोल जोशी यांची दोन्ही आडनावं सारखी, म्हणजे कागदावर मायलेकी सख्ख्या बहिणी ठरतात. त्यात कुणाची चूक नाही, इथली पद्धतच तशी आहे. पहिल्याच खिडकीवर सांगायचं: ‘मी उनिको आपेयीदो एस जोशी’, माझं आडनाव एकच, जोशी. प्रत्येक पावती, कार्ड, बँकेचा अर्ज पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवून मगच खिडकी सोडा. फाइल सापडत नाही म्हणाले, तर वडिलांच्या नावाखाली शोधायला सांगा. लग्नानंतर इथल्या बायका स्वतःचंच आडनाव ठेवतात. त्यामुळे पदवी माहेरच्या आणि पासपोर्ट सासरच्या नावाने असेल, तर दोन वेगळ्या बायका समजतात. विवाहाचा ॲपोस्टिल केलेला दाखला कायम जवळ ठेवा.

आणि प्रतीक्षागृहात कान उघडे ठेवा. स्पॅनिशमध्ये ‘जे’चा उच्चार ‘ह’ होतो, ‘एच’ मुका असतो आणि ‘व्ही’चा ‘ब’ होतो. जोशींना ‘होशी’ म्हणून पुकारतात, जाधवांना ‘हादाब’, हर्षदला ‘आर्शाद’, विद्याला ‘बिद्या’. नंबर गेल्यावर भांडून उपयोग नसतो.

राहण्याचा परवाना मिळाला म्हणजे काम करायचा मिळाला असं नाही. कामाचा परवाना कामगार मंत्रालय वेगळा देतं, आणि साधारण नियम असा की कंपनीत परदेशी लोक दहा टक्क्यांपर्यंतच ठेवता येतात. डॉक्टरी, वकिली, इंजिनिअरिंग, वास्तुरचना असे पुष्कळ व्यवसाय कायद्याने पनामाच्या नागरिकांसाठी राखीव आहेत. किरकोळ दुकानदारी तर राज्यघटनेनेच राखून ठेवली आहे. ‘आधी जाऊ, मग बघू’ या हिशेबाने येऊ नका. इथले सिंधी आणि गुजराती व्यापारी बघून अनेकांना धंद्याची स्वप्नं पडतात, पण त्यातल्या बऱ्याच जणांचं बस्तान कोलोनच्या मुक्त व्यापार क्षेत्रातल्या घाऊक मालावर बसलेलं आहे. ते क्षेत्र १९४८ सालचं.

पगार महिन्यातून दोनदा होतो, पंधरा आणि तीस तारखेच्या सुमाराला. त्याला ‘किन्सेना’ म्हणतात. त्या दिवशी बँक, बाजार आणि रस्ता तिन्ही तुंबतात, तेव्हा शक्यतो कामं काढू नका. शिवाय ‘देसिमो’ हा तेरावा पगार तीन हप्त्यांत मिळतो, १५ एप्रिल, १५ ऑगस्ट आणि १५ डिसेंबरला. आपला ‘पगार’ शब्द पोर्तुगीजांकडून आला. स्पॅनिशमध्येही ‘पागार’ म्हणजे पैसे देणं, त्यामुळे निदान हा शब्द पाठ करावा लागत नाही.

चलन अमेरिकन डॉलर. स्थानिक बाल्बोआ फक्त नाण्यांत असतो आणि त्याची किंमत डॉलरइतकीच. ही नाणी देशाबाहेर चालत नाहीत, निघण्याआधी संपवा. पन्नास आणि शंभरच्या नोटा छोट्या दुकानांत घेत नाहीत, घेतल्याच तर वहीत नाव आणि नोटेचा क्रमांक लिहून. येताना एक, पाच, दहा, वीसच्या नोटा आणा.

घर बघताना जाहिरातीत ‘कोन लीनेआ ब्लांका’ दिसेल. म्हणजे फ्रीज, शेगडी आणि कपडे धुण्याचं मशीन घरासोबत, बाकी फर्निचर तुमचं. इमारतीच्या नावाआधी ‘PH’ (‘पे आचे’) ही अक्षरं असतील, आपल्याकडे सोसायटी लिहितात तसलाच तो प्रकार. घरांना क्रमांक फारसे नसतात, पत्ता म्हणजे इमारतीचं नाव आणि जवळची खूण. भाडं ठरवण्याआधी तीन गोष्टी विचारा: पाण्याची राखीव टाकी आहे का, वीज गेल्यावर जनरेटर फक्त लिफ्ट चालवतो की घरंही, आणि देखभालीचा खर्च भाड्यात धरलाय का. पश्चिमेकडे तोंड असलेला फ्लॅट स्वस्त मिळाला तरी दुपारच्या उन्हाने ते पैसे वीजबिलात जातात. एक महिन्याची अनामत घेतात. कायद्याप्रमाणे ती घरमालकाने गृहनिर्माण मंत्रालयात भरायची असते, पण बरेच जण स्वतःकडेच ठेवतात आणि सोडताना भिंतीवरच्या खिळ्यांचे पैसे कापतात. भरल्याची पावती मागा आणि आत शिरायच्या दिवशी प्रत्येक खोलीचे फोटो काढून मालकाला पाठवा. सुरुवातीला महिनाभरासाठी पर्यटकांना भाड्याने देतात तसला फ्लॅट घ्यायचा विचार असेल तर सोडा. पनामा सिटीत ४५ दिवसांपेक्षा कमी मुदतीने घर भाड्याने देणं बेकायदा आहे. तेवढे दिवस हॉटेलात काढा. मेट्रोच्या व्हिया आर्खेन्तिना स्टेशनलगतचा एल कांग्रेखो भाग पायी फिरता येण्यासारखा आहे, नव्या माणसाला तो सोयीचा.

हवा बघून कोकणात आल्यासारखं वाटतं, आणि फसगत तिथेच होते. कोकणात चार महिने पाऊस, मग उघडीप. इथे पाऊस मेपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत. त्याला हे लोक ‘इन्व्हिएर्नो’ म्हणजे हिवाळा म्हणतात, आणि जानेवारी ते एप्रिलच्या कोरड्या दिवसांना ‘व्हेरानो’, उन्हाळा. संततधार क्वचित. दुपारी तासदोन तास कोसळून मोकळं होतं, म्हणून बाहेरची कामं सकाळी उरका. आठ महिन्यांची ही दमट हवा कपाटात बुरशी आणते. चामड्याचे बूट आणि पट्टे, रेशमी साड्या, पुस्तकं यांना आधी लागते. कपाटाची दारं आठवड्यातून दोनदा उघडून पंख्यासमोर ठेवायची, एसी थंडाव्यापेक्षा कोरडेपणासाठी तासभर लावायचा. पैठणी शक्यतो भारतातच ठेवा. बेसन, रवा, पोहे फ्रीजमध्ये, नाहीतर तीन आठवड्यांत पोरकिडे होतात.

वीज ११० व्होल्टची, आपली २३०. लॅपटॉप आणि फोनचे चार्जर दोन्हीवर चालतात. मिक्सर चालत नाही. भारतातला ७५० वॅटचा मिक्सर इथे लावला तर रिकामं भांडं सावकाश फिरतं आणि ओलं खोबरं घातलं की मोटर नुसती गुरगुरते, तापते आणि जळते. व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर निदान १५०० वॅटचा घ्यावा लागतो, आणि तो जड धोंडा असतो. त्यापेक्षा अमेरिकेत मिळणारा ११० व्होल्टचा मिक्सर कुरिअर कंपनीच्या मायामीतल्या पत्त्यावर मागवा, तिथून ती कंपनी तो पनामात आणून देते. कुकर आणा, त्याच्या दोनचार रिंगा आणि शिट्ट्या जास्तीच्या आणा. विळी सामानाच्या बॅगेतच, हातातल्या नको.

बाजारात मात्र मन रमतं. ‘ग्वांदू’ म्हणजे तूर. डिसेंबर-जानेवारीत हिरवे सोललेले दाणे पिशवीत मिळतात. विदर्भातल्या माणसाला सोलेभाताची आठवण होईल, आणि इथेही सणाला ग्वांदू घातलेला नारळाच्या दुधातला भात करतात. भाताच्या तळाच्या खरपुडीला ‘कोन्कोलोन’ म्हणतात, आणि ती पहिल्यांदा संपते. गुळाला पनामात ‘रास्पादूरा’, कोलंबियात ‘पानेला’, कोस्टारिकात ‘तापा दे दुल्से’. रंग गडद आणि चव काकवीसारखी, म्हणून पुरणाला नेहमीच्या गुळाच्या पाऊणपट घ्या. ‘युका’ म्हणजे ज्याच्यापासून साबुदाणा करतात तो कंद, उपवासाला उत्तम. पण कच्चा कधीही नाही. जाड साल आणि खालचा गुलाबी पापुद्रा दोन्ही काढून, तुकडे आपोआप फाटेपर्यंत मिठाच्या पाण्यात उकडायचे, मधला दोरा ओढून टाकायचा. ‘न्यामे’ हा कोनफळाच्या जातीचा. ‘प्लातानो’ शिजवायचं केळं, खायच्या केळ्याला ‘गिनेओ’. ‘पापा’ बटाटा. ‘बाताता’ मात्र डोमिनिकन प्रजासत्ताकात मागाल तर हातात रताळं पडेल.

दोन सारखे दिसणारे जिन्नस ओळखून ठेवा. ‘कुलान्त्रो’ ही लांब, करवती कडेची पानं कोथिंबिरीच्या वासाची पण तिच्या कितीतरी पट उग्र. वरून भुरभुरायची नाहीत, फोडणीनंतर शिजताना घालायची, आणि कोथिंबिरीच्या पाव भाग. मिरचीत ‘आही दुल्से’ आणि ‘आही चोम्बो’ दिसायला जुळ्या बहिणी. पहिलीत तिखटपणा नाही, दुसरी हाबानेरो या जहाल मिरचीच्या घराण्यातली. चारपाच लवंगी मिरच्यांच्या जागी एक चोम्बो पुरते, बिया काढून. चिरल्यावर हात डोळ्याला लावू नका.

शाकाहारी आहात असं सांगून भागत नाही. ‘सिन कार्ने’ म्हटलं तर गोमांस वगळतात आणि वर कोंबडीचे तुकडे घालून देतात, कारण ‘कार्ने’ म्हणजे बहुधा गाईचं मांस. पूर्ण वाक्य पाठ करा: ‘नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो, नी हामोन’, मी मांस, कोंबडी, मासे, हॅम यातलं काहीच खात नाही. शेंगांच्या उसळीत डुकराची चरबी असते, तिला ‘मान्तेका दे सेर्दो’ म्हणतात. सूप आणि भात बऱ्याचदा कोंबडीच्या रश्शातले. हे वेगळं विचारावं लागतं, आपणहून कोणी सांगत नाही.

नळाचं पाणी पनामा सिटीत पिण्याजोगं आहे, बोकास देल तोरोच्या बेटांवर नाही. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे नुसती रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही. ताप आला तर औषधाच्या दुकानात ‘आसेतामिनोफेन’ मागा, तेच आपलं पॅरासिटामॉल. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन टाळा, रक्तस्राव वाढतो. नेहमीची औषधं कंपनीच्या नावाने नव्हे, मूळ नावाने लिहून आणा. मेटफॉर्मिनचं ‘मेत्फोर्मिना’ होतं, कोणालाही समजतं.

लिफ्टमध्ये, दवाखान्यात, दुकानात शिरताना ‘ब्वेनास’ म्हणायचं. न म्हणता थेट काम सांगणारा माणूस उद्धट ठरतो, आणि मग खिडकीवरचा चेहराही तसाच होतो. सरकारी कार्यालयांत हाफ पँट, बिनबाह्यांचा शर्ट, स्लीपर घातली तर दारातूनच परत पाठवतात. ‘आओरीता’ म्हणजे शब्दशः आत्ता, पण ते आपल्या ‘येतोच’सारखं. नक्की वेळ हवी तर ‘आ के ओरा’ विचारा. टॅक्सीला मीटर नाही, भाडं बसण्याआधी ठरवा. कागदांची कामं नोव्हेंबरात लावू नका: ३, ४, ५, १० आणि २८ तारखेला राष्ट्रीय सुट्ट्या आहेत आणि मधले दिवसही अर्धेच.

फिरायचं म्हणाल, तर नकाशावर पनामा कोलंबियाला जोडलेला दिसतो, पण रस्ता याव्हिसा गावात संपतो. पुढे दारियेनचं जंगल. तिकडून पायी जाण्याचा विचारही नको, कोलंबियाला विमानानेच जा. कोस्टारिकाला बस जाते, पासो कानोआसच्या सीमेवरून. लांबच्या बसमध्ये एसी इतका की स्वेटर लागतो. पासो कानोआस हे गाव सीमेवर दोन्हीकडे पसरलंय, दुकानं बघत चालत गेलात तर पलीकडे कधी पोहोचलात ते कळत नाही, आणि पनामाचा बाहेर पडल्याचा शिक्का नसेल तर कोस्टारिकाची खिडकी परत पाठवते. आधी इकडचा शिक्का, मग तिकडचा. कोस्टारिकाचं घड्याळ पनामाच्या एक तास मागे आहे. येताना तो तास जातो, तेव्हा पनामातल्या दाविद शहराला जायची पुढची बस पनामाच्या वेळेने धरा.