को-कल्चरमध्ये दोन स्ट्रेन 'टिकले' असं लिहिण्याआधी या चुका टाळा

फ्लास्कमध्ये दोन स्ट्रेन, म्हणजे बॅक्टेरियाचे दोन वाण, एकत्र वाढायला सोडले (हेच को-कल्चर), तीन दिवसांनी प्लेटवर दोघांच्या कॉलनी दिसल्या की लगेच 'सहअस्तित्व' लिहून मोकळे! अहो, रोज 1:100 डायल्युशन (कल्चरचा शंभरावा भाग ताज्या मीडियात, म्हणजे वाढीच्या द्रवात, टाकणं) म्हणजे दिवसाला साधारण 6.6 पिढ्या, तीन दिवसांत जेमतेम 20, आणि दोघांच्या फिटनेसमध्ये (वाढून टिकण्याच्या क्षमतेत) एक-दोन टक्क्यांचाच फरक असेल तर हरणारा एवढ्यात कुठे संपतोय, तो हळूहळू बाहेर पडत असतो आणि आपल्याला वाटतं सगळं छान चाललंय.

सुरुवात 50:50 नेच करणं ही त्यातलीच चूक. एकदा 1:99 ने लावा, मग 99:1 ने. दोन्ही वेळा जो कमी होता तोच वर आला तर सहअस्तित्व मानलं. दोन्ही वेळा जास्तवालाच जिंकला तर भानगड वेगळी, तिथे जो आधी जम बसवेल तो राजा.

पुढची चूक शेकरची, म्हणजे फ्लास्क सतत हलवणाऱ्या यंत्राची. सवयीने सगळं 200 आरपीएमवर टाकायचं आणि मग तिसरा स्ट्रेन कुठे गेला म्हणून शोधायचं... 2002 साली ई. कोलाय या बॅक्टेरियाचे तीन स्ट्रेन घेऊन हेच तपासलं होतं: एक कोलिसिन विष सोडणारा, एक त्याला बळी पडणारा, एक रेझिस्टंट, म्हणजे विष न बाधणारा. विषवाला बळीला मारतो, रेझिस्टंटला विष बनवायचा खर्च नाही म्हणून तो विषवाल्याच्या पुढे जातो, आणि बळीला रेझिस्टन्सचाही खर्च नाही म्हणून तो रेझिस्टंटला मागे टाकतो. प्लेटवर तिघेही टिकले, हलत्या फ्लास्कमध्ये फक्त रेझिस्टंट उरला. शेजारी कोण आहे हेच जिथे दर सेकंदाला बदलतं तिथे हा खेळ चालत नाही.

आणि फक्त ग्रोथ रेट बघू नका, प्लीज. 1988 पासून चाललेल्या रिचर्ड लेन्स्कींच्या उत्क्रांतीच्या प्रयोगात 12 पैकी एका फ्लास्कमध्ये ई. कोलायच्या दोन शाखा हजारो पिढ्या एकत्र राहिल्या, मीडियात साखर एकच, ग्लुकोज! एक शाखा ग्लुकोजवर जोरात वाढते, दुसरी तिने टाकलेल्या ॲसिटेटसारख्या उरल्यासुरल्यावर जगते आणि साखर संपल्यावर जास्त तग धरते. नुसत्या ताज्या मीडियातला ओडी (द्रवाचा गढूळपणा, वाढीचं माप) बघितला असता तर दुसरीला आपण केव्हाच बाद ठरवलं असतं. म्हणून वापरलेला मीडिया फिल्टर करून त्यात दुसरा स्ट्रेन वाढवून बघा, आणि ट्रान्सफरची वेळ मध्येच बदलू नका, 24 चे 12 तास केले तर उपाशी राहण्यात पटाईत असलेल्याचा फायदाच जातो.

कोण किती आहे हे 16एस या (बॅक्टेरिया ओळखायला वापरतात त्या) जीनच्या टक्केवारीवरून ठरवणार असाल तर त्या जीनच्या कॉपी मोजा, ई. कोलायमध्ये 7 असतात, काहींत एकच.