मधमाश्यांच्या रोगप्रतिकारावर काम करायचंय? आधी ब्रूड वाचायला शिका

या विषयात नवीन येणारे बरेच जण जीन्स, सिक्वेन्सिंग असलं काहीतरी डोक्यात घेऊन येतात. मी पण मायक्रोबायोलॉजीतून इकडे आले त्यामुळे ते कळतं मला, पण माझा आग्रह असा की आधी पेटी उघडून ब्रूडची, म्हणजे वाढणाऱ्या पिल्लांची (अंडी, अळ्या, कोष), फ्रेम हातात घ्यायची आणि नीट बघत राहायचं, कुठल्या घराचं मेणाचं झाकण आत बसलंय, कुठल्याला बारीक भोक पडलंय, आतली अळी पांढरीशुभ्र आहे की तपकिरी पडत चाललीय. ही नजर आली की पुढचं वाचलेलं सगळं पटापट कळायला लागतं.

आता मूळ मुद्दा. काही वसाहतींमधल्या कामकरी माश्या बंद झाकणाआडचं आजारी किंवा मेलेलं पिल्लू वासावरून ओळखतात, झाकण कुरतडून उघडतात आणि पिल्लू बाहेर काढून टाकतात, याला हायजिनिक बिहेवियर म्हणतात. ऐकायला साधी साफसफाई वाटते पण सगळं वेळेवर अवलंबून असतं. अमेरिकन फाउलब्रूड या अळ्यांच्या रोगाचा जिवाणू स्पोअरच्या (टणक, सुप्त बीजाणूच्या) रूपात अळीच्या पोटात जातो, अळी मेली की तिच्यात अब्जावधी नवीन स्पोअर तयार होतात आणि ते अनेक दशकं टिकतात. स्पोअर बनायच्या आधी अळी बाहेर गेली तर साखळी तुटली, उशीर झाला तर साफ करणारी माशीच ते पोळ्यात पसरवणार. म्हणून पिल्लू काढतात का, एवढंच विचारून भागत नाही, किती लवकर काढतात ते बघायचं.

मधमाश्यांच्या आनुवंशिकतेवर काम करणाऱ्या रोथेनबुलरचं 1964 चं काम जरूर वाचा. झाकण उघडणं आणि पिल्लू काढणं या दोन गोष्टी वेगवेगळ्या वारशाने येतात असं त्यांना दिसलं, काही वसाहती नुसतं उघडून सोडून द्यायच्या आणि काही अशा की झाकण माणसाने उघडून दिलं तरच पिल्लू काढायच्या. मला आजही हा प्रयोग फार सुंदर वाटतो. पण दोन जीन्सवर हिशोब संपला असं समजू नका, 2002 च्या अभ्यासात याच्याशी संबंधित असाव्यात अशा जीनोममधल्या सात जागा सापडल्या. त्यात राणी डझनभर किंवा जास्त नरांशी मिलन करते, म्हणजे एकाच पेटीत कितीतरी बापांच्या मुली, त्यामुळे गुण एकेका माशीत शोधून उपयोग नाही, टेस्ट अख्ख्या वसाहतीची करायची.

टेस्टसाठी सीलबंद ब्रूडचा ठरावीक तुकडा लिक्विड नायट्रोजनने गोठवतात आणि 24 तासांनी किती घरं पूर्ण रिकामी झाली ते मोजतात. मधमाशी-संशोधक मार्ला स्पिव्हाक यांच्या अमेरिकेत मिनेसोटातल्या कामातून ही पद्धत रुळली, टेस्ट दोनदा करतात आणि दोन्ही वेळा रिकामी घरं 95 टक्क्यांच्या वर गेली तर वसाहत हायजिनिक धरतात. नायट्रोजन उणे 196 अंशांचा असतो त्यामुळे गॉगल, हातमोजे आणि मोकळी हवा यात तडजोड नाही! नायट्रोजन मिळत नसेल तर सुईने कोष टोचूनही करतात, पण टोचल्यावर आतला द्रव बाहेर येतो आणि माश्यांना सुगावा सोपा जातो, तेव्हा दोन्हींचे आकडे एकत्र मिसळू नका. शिवाय फुलोरा जोरात असताना आकडा चांगला येतो आणि माश्या कमी असलेली पेटी मागे पडते, त्यामुळे फुलोरा कसा होता आणि किती फ्रेम माश्या होत्या हे प्रत्येक वेळी लिहून ठेवा.

आणि व्हरोआ माइटचं, म्हणजे माश्यांवर आणि पिल्लांवर जगणाऱ्या बारीक परजीवीचं, गणित वेगळं आहे. गोठवलेलं ब्रूड भराभर काढणारी वसाहत माइटलाही तेवढीच भारी पडेल असं गृहीत धरू नका. माइट बंद घरात वाढते तेव्हा आतला कोष बऱ्याचदा जिवंतच असतो, त्याचा बदललेला वास ओळखणं हे जास्त बारीक काम आहे आणि त्यासाठीची निवड अमेरिकेत बॅटन रूजला हार्बो आणि हॅरिस या संशोधकांनी वेगळी केली. त्यामुळे टेस्ट पास झालेल्या पेटीतही साधारण 300 माश्यांचा नमुना घेऊन माइट मोजत राहायचं.

हायजिनिक राणी घातली की लगेच टेस्ट लावायची घाई बरेच जण करतात, पण तेव्हा पेटीत जुन्या राणीच्याच मुली काम करत असतात. त्या संपून नव्या राणीच्या मुली कामाला लागेपर्यंत दीड-दोन महिने थांबा, मगच नायट्रोजन काढा.